दुसरं मीठ

धरणावरच्या विश्रामगृहात दहा दिवस जाऊन राहायचं, ही कल्पना अभिमनची. त्याच्या बायकोला, प्रमिलाला, ती आधी पटली नव्हती. मे महिन्यात जळगावातून उठून धुळ्याकडे जायचं, म्हणजे ऊन तेच आणि वर एस.टी.चे धक्के, असं तिचं म्हणणं होतं. पण त्यानं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

धरणाचं काम चालू होतं तेव्हा अभिमन तिथे रोजंदारीवर लागला होता. विशी नुकतीच उलटलेली. संध्याकाळी साहेब लोक विश्रामगृहाच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसून पाण्याकडे पाहत चहा पीत, आणि अभिमन हजेरीचा कागद घेऊन पायरीखाली उभा राही. सही व्हायला कधी तासही जाई. पुढे तो पाटबंधारे खात्यात कायम झाला, कालवा निरीक्षक झाला, जळगावला बदलून आला. ती खुर्ची मात्र त्याच्या डोक्यातून गेली नाही.

"एकदा तिथं बसून चहा प्यायचा," तो म्हणे. "आणि कुणी सही मागायला आलं, तर त्याला आधी बस म्हणायचं."

खात्याच्या माणसाला विश्रामगृह मिळणं अवघड नव्हतं. अर्ज केला की मिळायचं. पण वीस वर्षांत त्यानं अर्ज केला नव्हता, आणि आता त्याच्या पायांवर सूज येऊ लागली होती.

जानेवारीत जळगावच्या डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद पुढे ठेवून सांगितलं होतं की दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहूनही कमी चालतात. बरं होणारं हे दुखणं नव्हे. पण सांभाळलं तर चार-पाच वर्षं कुठे गेली नाहीत. प्रमिलानं मनातल्या मनात हिशेब केला. त्यांची मुलगी करुणा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची पदवी हातात पडायला अडीच वर्षं लागणार होती. म्हणजे अभिमन ती पदवी बघू शकत होता. त्या दिवसापासून प्रमिलानं दुसरं काही मागितलं नाही. अडीच वर्षं पुरेत.

पथ्य तिनं वहीत उतरवून घेतलं. पाणी दिवसाला एक लिटर, चहा-ताक सगळं धरून. डाळ कमी. मीठ बंद. "मीठ म्हणजे सोडियम ना?" तिनं विचारलं होतं. "हो, सोडियमच," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा पेशंट आत आला. नेमका प्रश्न विचारल्याचं तिला तेव्हा समाधान वाटलं होतं.

प्रमिला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. त्यांच्या वस्तीतली ती पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी. बाळाला जुलाब झाले तर किती पाण्यात किती साखर-मीठ घालायचं, इथपासून कोणती गोळी जेवणाआधी घ्यायची इथपर्यंत सगळं लोक तिला विचारत, आणि ती सांगे ते मोजून करत. अभिमनचं पथ्यही तिनं मोजूनच सांभाळलं. घरी एक काचेचं मोजपात्र आणून ठेवलं. सकाळी लिटरभर पाणी एका बाटलीत भरायचं. तो काही प्यायला की तेवढं बाटलीतून कमी करायचं. सूज उतरली. एप्रिलच्या तपासणीत आकडे जिथल्या तिथे होते.

फक्त जेवण उतरेना. मीठ नसलेली भाजी तो तोंडात घोळवत बसे आणि ताट सरकवून देई. भरीत-भाकरीवर जगलेला माणूस. चार महिन्यांत नऊ किलोनं उतरला. तक्रार करत नसे. एकदाच म्हणाला, "प्रमिला, तुझ्या हाताला चव होती गं."

त्या वाक्यानंतर तिला मांडणीवरची ती बाटली आठवली.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत वरून दुसऱ्या फळीवर पोटॅशियम क्लोराइडची बाटली असे. ती वर्षातून दोनदाच हलायची: एकदा विद्यार्थ्यांना ज्योतीचा रंग दाखवायला, आणि एकदा प्राणिशास्त्राचे लोक बेडकाच्या प्रात्यक्षिकासाठी मागून न्यायचे तेव्हा. पांढरे बारीक स्फटिक, मिठासारखेच. लागतंही खारट, फक्त मागून किंचित कडवट. परदेशात रक्तदाबाच्या रोग्यांना नेहमीच्या मिठाऐवजी हे देतात, असं तिनं कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात वाचलं होतं. सोडियम नको, यात सोडियम नव्हतंच.

उन्हाळ्याची सुटी लागायच्या आदल्या दिवशी तिनं त्यातलं पाव किलो काढून मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिनं साधी परीक्षानळीसुद्धा घरी नेली नव्हती. पर्समध्ये बरणी घेऊन निघताना फाटकावरच्या शिपायाशी ती नेहमीपेक्षा दोन शब्द जास्त बोलली. आपल्या हातून काही वाईट घडत असेल तर ते हेच, चोरी, असं तिला वाटत होतं.

सकाळच्या गाडीनं पारोळा, धुळे करत ते सोनगीरच्या फाट्यावर उतरले. तिथे विश्रामगृहाचा चौकीदार तोताराम बैलगाडी घेऊन उभा होता. त्यानं रामराम घातला, अभिमननं जयभीम म्हटलं, आणि दोघंही हसत सुटले. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी दोघं एकाच हजेरीवर होते. गाडीत तोतारामनं अभिमनला दर दोन वाक्यांना सायेब म्हणून चिडवलं, आणि मध्येच त्याच्या वाळलेल्या मनगटाकडे पाहून बैल हाकू लागला.

विश्रामगृह म्हणजे दोन खोल्या, कौलं, दगडी जोतं आणि पाण्याकडे तोंड केलेला लांब व्हरांडा. अंगणात चार लिंब. पाणी बरंच खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी टरबुजाचे वेल लावले होते आणि त्या हिरव्या पट्ट्यापलीकडे उरलेलं धरण ऊन खात पडलं होतं. वेताच्या खुर्च्या जाऊन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या आल्या होत्या. अभिमन पायरीशी थांबला. सवयीनंच थांबला असावा.

"बठ आते," तोताराम खुर्ची पुसत म्हणाला. "कोन उठाडस तुले?"

अभिमन बसला. तोतारामची बायको कलाबाई चहा घेऊन आली. प्रमिलानं आधी तो मोजपात्रात ओतला, नव्वद मिलिलिटर भरला, तो वहीत लिहिला आणि मग कपात ओतून त्याला दिला. कलाबाई पदर तोंडाशी धरून हे सगळं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कलाबाईनं परसातली वांगी आणून दिली. प्रमिलानं ती शेगडीवर भाजली, कांद्याची पात, मिरची, लसूण घालून घोटली, आणि बरणीतलं चमच्याच्या टोकावर घेऊन त्यात मिसळलं. दिवसाला चार ग्रॅम, तिनं ठरवलं होतं. अभिमननं पहिला घास घेतला आणि थांबला. तिच्याकडे पाहिलं.

"हे काय घातलंस?"

"दुसरं मीठ. तुम्हाला चालणारं."

"असं असतं?"

मग तिनं त्याला समजावलं. इतकी वर्षं ती काय काम करते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. तिनं स्टोव्ह पेटवला, निळ्या ज्योतीवर आधी कलाबाईकडचं साधं मीठ चिमूटभर टाकलं. ज्योत भडक पिवळी झाली. मग हात पुसून बरणीतलं टाकलं. ज्योतीच्या कडेला फिकट जांभळी झाक उठली आणि गेली. पुन्हा टाक, तो म्हणाला. तिनं पुन्हा टाकलं. चाळिशी उलटलेली दोन माणसं भरदुपारी दार लावून स्टोव्हपाशी उकिडवी बसली होती. तो म्हणाला की कॉलेजात मिठाची चोरी कुणी पकडत नाही वाटतं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या.

पुढचे चार दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात निवांत होते. सकाळी ते दोघं पाण्याच्या कडेनं भिंतीपर्यंत जात. दुपारी लिंबाखाली खाट. पाण्यावरून आलेला वारा संध्याकाळी तेवढा गार लागे. खाली गाळात टरबुजाची वाडी करणारा भिकन रोज एक टरबूज आणून ठेवी. प्रमिला फोड तोलून देई आणि त्यातलं पाणी, शंभरात ब्याण्णव भाग, दिवसाच्या लिटरातून वजा करी. अभिमन खुर्चीत बसून धरणाच्या गोष्टी सांगे: कुठल्या साहेबाची हॅट वाऱ्यानं पाण्यात गेली होती आणि ती काढायला किती मजूर उतरले होते. भिकन एकदा कालव्याच्या पाण्याचा अर्ज घेऊन आला, हा आपला साहेब नाही हे माहीत असूनही. अभिमननं त्याला आधी बस म्हटलं. भिकन काही केल्या खुर्चीवर बसेना, पायरीवरच टेकला. अभिमन उठून त्याच्याशेजारी पायरीवर बसला आणि अर्ज वाचू लागला.

त्याच्या गालांवर रंग आल्यासारखं तिला दिसत होतं. त्यानं चव आणखी थोडी चढी मागितली. तिनं चाराचे सहा ग्रॅम केले. करुणाला पत्र लिहिलं की बाबा जेवतात.

सातव्या दिवशी भिंतीपर्यंत जाऊन येताना त्याचे पाय जड झाले. ओठांना मुंग्या येतात म्हणाला. रोजचं चालणं जास्त होतंय, असं तिनं ठरवलं आणि त्याला खाटेवर निजवलं. त्या दिवशी त्यानं टरबुजाची फोड मागितली. तिनं तोलून दिली.

आठव्या दिवशी सकाळी त्याला खाटेवरून उठता येईना. दुखत काहीच नव्हतं. पाय आपले नाहीतच, असं तो हसून म्हणाला. प्रमिलानं घड्याळ काढून नाडी मोजली. मिनिटाला चव्वेचाळीस. पुन्हा मोजली. मध्येच एक ठोका पडत नव्हता, मग दोन पटापट पडत होते. उष्णता, तिनं स्वतःला सांगितलं. तोतारामला तिनं पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात जीप मागायला पाठवलं. तो सायकल घेऊन निघाला. जायला पाऊण तास, आणि तिथे जीप असली तर.

कलाबाई शेगडी घेऊन आत आली. निखारे फुललेले होते. तिच्या मुठीत मोहऱ्या होत्या आणि कोनाड्यातल्या बरणीतून तिनं त्यात मीठ घेतलं.

"भाऊले नजर लागनी शे," ती म्हणाली. "आठ दिन खुर्चीवर बठेल देखं ना लोकेस्नी."

प्रमिलाच्या घरी असलं काही करत नसत. एरवी तिनं नको म्हटलं असतं. आज म्हटलं नाही. कलाबाईनं अभिमनवरून मूठ तीनदा उतरवली, काहीतरी पुटपुटली आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली. मोहऱ्या तडतडल्या. निखाऱ्यांवरच्या बारीक ज्योतीला फिकट जांभळा रंग चढला.

तो रंग तिनं सव्वीस वर्षं मुलांना दाखवला होता. कुठला रे हा? पोटॅशियम, बाई. बरोबर. आणि त्याच बाटलीचं द्रावण दर फेब्रुवारीत ती स्वतः करून प्राणिशास्त्राच्या टेबलावर नेऊन ठेवी. कधी दारात उभी राहून बघे. मेणाच्या ताटलीवर उघडा केलेला बेडूक, त्याचं वाटाण्याएवढं हृदय, त्यावर दोन थेंब. ठोके लांबत जात. मग हृदय सैल पडे, फुगलेलं, आणि थांबे. मुलं वहीत लिहून घेत.

सोडियमच ना, एवढंच तिनं विचारलं होतं. पोटॅशियम शरीराबाहेर कुठून जातं, हे तिनं विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती, ते तिला ठाऊक होतं. ते मूत्रपिंडातून जातं. टरबुजातलं पाणी तिनं मोजलं होतं. टरबुजात आणखी काय असतं ते मोजलं नव्हतं.

ती उठली आणि पुन्हा बसली. करायला काय होतं? शेगडीतली ज्योत विझली होती. कलाबाई शेगडी घेऊन गेली. रक्तातून ते काढायचं कसं, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. तिचं शिक्षण त्या एका रंगापर्यंत येऊन संपत होतं.

"काय झालं गं?" अभिमननं विचारलं. तो तिच्याकडेच पाहत होता.

"काही नाही. जीप येतेय."

"घाबरलीस का?"

"नाही."

त्यानं पाणी मागितलं. तिनं तांब्या उचलला आणि मोजपात्राकडे न पाहता त्याच्या तोंडाला लावला. पाणी गळ्यावर सांडलं. किती दिलंस म्हणून त्यानं विचारलं. चेष्टेत विचारलं असावं. तिनं पदरानं त्याचा गळा पुसला.

जीप साडेदहाला आली. मागच्या बाकावर त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तिची दोन बोटं त्याच्या मनगटावर. छत्तीस. एकतीस. मग मोजायला घड्याळ लागेना. हमरस्ता दिसू लागला, ट्रकांचे आवाज आले, त्याच वेळी बोटांखाली एक ठोका पडला आणि पुढचा पडला नाही. तिनं बोटं तशीच ठेवली. ड्रायव्हर धुळ्यापर्यंत हॉर्न वाजवत गेला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फाइल पाहिली. या आजारात हृदय असं अचानक थांबतं, ते म्हणाले, आणि लिहू लागले. तिच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. डॉक्टरांना ते एका क्षणात कळलं असतं. त्यांचं लिहून संपलं, त्यांनी पेनाचं टोपण लावलं, आणि वाक्य आतच राहिलं.

जळगावला पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीतले लोक एकेक करून बोलायला उभे राहिले. दीर झुलालभाऊ म्हणाले, वहिनींनी दादाला थेंब थेंब मोजून पाणी पाजलं. शिकलेली बाई घरात असली की माणसाची अशी सेवा होते. शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, दुसऱ्या घरी असता तर जानेवारीतच गेला असता. करुणा तिच्या शेजारी बसली होती. तिनं आईचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आई, तू किती केलंस." करुणानं बारावीला रसायनशास्त्रात अठ्ठ्याण्णव मिळवले होते. तिला दोन ओळींत कळलं असतं. प्रमिला तिच्या बोटांकडे पाहत राहिली.

तो गेल्यानंतर बाराव्या दिवशी ती एकटीच विश्रामगृहावर गेली. सामान तिथेच राहिलं होतं: स्टोव्ह, मोजपात्र, वही, त्याच्या वहाणा. आणि बरणी.

सामान तोतारामनं एका गाठोड्यात नीट बांधून ठेवलं होतं. वहाणा वर ठेवल्या होत्या, पुसून. बरणी त्यात नव्हती. ती कलाबाईच्या चुलीपाशी होती, तळाला बोटभर उरलेली.

"ते मीठ कुठे गेलं?" प्रमिलानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

कलाबाई ओशाळली. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणाली. इतकं पांढरंशुभ्र, मोकळं मीठ. "जरासं कडू लागस. पन चांगलं शे."

प्रमिला चुलीपाशी बसली. मग तिनं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. बाटली, बरणी, मासिक, चाराचे सहा. आवाज वर न चढवता, प्रयोग सांगावा तसं सांगितलं. "ते या मिठानं गेले," ती म्हणाली. "मी घातलं."

तोताराम आणि कलाबाई एकमेकांकडे बघत राहिले. तोतारामच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिच्यासाठी आलं होतं, हे तिला दिसलं. माणूस गेला की बायकोचं डोकं असं काहीबाही धरून बसतं, एवढंच त्याला समजलं होतं.

"बाई," कलाबाई समजुतीच्या स्वरात म्हणाली, "आम्ही बठ्ठा जन बारा दिन तेच खाई राह्यनूत. काय व्हयनं आमले?"

काही झालं नव्हतं. होणारही नव्हतं. त्यांची मूत्रपिंडं ते रोजच्या रोज बाहेर टाकत होती. कलाबाईच्या दृष्टीनं यापेक्षा मोठा पुरावा नव्हता, आणि प्रमिलाच्या दृष्टीनंही. डॉक्टरांसमोर, करुणासमोर, वाचता-लिहिता येणाऱ्या कुणाहीसमोर न निघालेलं वाक्य आपण इथे का बोललो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. ज्यांना कळणार नाही अशीच माणसं शोधत ती एवढ्या लांब आली होती.

"भाकर खाई ल्या," कलाबाई म्हणाली.

ताटात भाकरी होती, वांग्याची भाजी होती. प्रमिलानं घास घेतला. आधी खारट लागलं, मग मागून तो ओळखीचा कडवटपणा. तिनं तो गिळला. कलाबाईनं विचारलं, चव लागनी का? प्रमिलानं मान हलवली आणि दुसरा घास मोडला.

बाहेर व्हरांड्यात दोन्ही खुर्च्या पाण्याकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या. पाणी आणखी खाली गेलं होतं. खालून भिकन टरबूज खांद्यावर घेऊन चढून येत होता. पायरीशी आल्यावर त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, टरबूज खाली ठेवलं आणि पायरीवर बसला. प्रमिलानं ताट पुसून खाल्लं. तिची नाडी बहात्तर होती. तिनं मोजली.